वैदिणीला विचारायचं होतं

आई पुण्याला माझ्या भावाकडे गेली ती त्याचं बाळ रांगायला लागेपर्यंत म्हणून. बाळ आता शाळेत जातं. किकवीच्या घरात मी आणि माझे वडील, आबा, दोघंच. दिवसभर मी भोरला एका लॅबमध्ये रक्त-लघवीचे नमुने तपासते, संध्याकाळी स्कूटीवरून परत येते, भाकरी टाकते, आणि जेवणं झाली की भावाचा जुना लॅपटॉप उघडून गेम खेळते. पस्तिशी उलटलेल्या बाईनं गेम खेळावा, हे गावात कुणाला सांगण्यासारखं नाही. आबांना तेवढं माहीत. ते खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि इंग्रजीत काय लिहून आलंय ते मी त्यांना सांगायचे.

बर्फातल्या डोंगरांतून निघालेली एक टोळी, आणि तिची म्होरकी मी, असा तो गेम. टोळीत एक वैदीण होती. जखमा बांधायची, पाला उकळायची, मंत्र म्हणायची. मुक्कामाला शेकोटी पेटली की माझ्याशी गप्पा मारायची. तिच्या गावची नदी, मेलेली बहीण, कुठल्या झाडाची साल कडू लागते, असलं काहीबाही. मी तिला एक लोकरीची शाल दिली होती. खरं सांगायचं तर त्या दिवसांत कामाशिवाय माझ्याशी एवढं कुणी बोलतच नव्हतं.

आबांचाही तिच्यावर जीव. "बाई लई मायेची हाय," म्हणायचे. लढाई सुरू झाली की विचारायचे, "वैदीण कुठं हाय? तिला मागं ठेव."

आणि एका संध्याकाळी तिनंच आम्ही आसरा घेतलेल्या किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून दिला.

आमची निम्मी टोळी कापली गेली. शेवटी ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसलेली, आणि पडद्यावर दोन पर्याय: मारा, किंवा जाऊ द्या.

"का केलंस म्हणून इचार की तिला," आबा म्हणाले.

"विचारायची सोय नाही आबा. दोनच बटणं आहेत."

"आसं कसं? येवढी जेवलीखाल्ली आपल्यात. इचारायचं न्हाई व्हय?"

मी तिला जाऊ दिलं. ती वळून चालायला लागली, बर्फात दिसेनाशी झाली. मी दिलेली शाल आपोआप माझ्या पिशवीत परत आली. पुढच्या मुक्कामावर टोळीतले बाकीचे नेहमीचे विनोद करत होते. तिचं नावही कुणी काढेना. आणि शेकोटीपाशी, तिच्याच जागेवर, एक नवी वैदीण बसलेली. तीच औषधं, तसेच मंत्र.

मला इतका राग आला की मी लॅपटॉप मिटून टाकला. दुसऱ्या दिवशी गेममध्ये मागं जाऊन 'मारा' दाबून पाहिलं. ती एक शब्द न बोलता मेली. मग अगदी सुरुवातीपासून खेळत आले, तिचं प्रत्येक वाक्य परत वाचलं. कुठं काही चुकत होतं का, तिला कसली भीती होती का, माझ्याकडून काही दुखावलं होतं का. काहीच नव्हतं. लिहिणाऱ्यांना दरवाजा उघडायला कुणीतरी हवं होतं, एवढंच. इंटरनेटवर हा गेम खेळणाऱ्यांच्या घोळक्यात मी माझी तक्रार लिहिली. एकानं उत्तर दिलं, नवी वैदीण जास्त ताकदीची आहे, पुढे खेळा.

मी हे आबांना वाचून दाखवलं. ते मग म्हणाले, "तुझ्या त्या मैतरणीला तरी कुठं इचारलंस तू?"

लॅबमध्ये माझ्याबरोबर कामथडीची एक मुलगी होती. आम्ही वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलो. हायवेला आपलं स्वतःचं रक्त घ्यायचं केंद्र काढायचं, दोघींनी मिळून, असं आमचं ठरलेलं. ती नोकरी सोडून गेली तेव्हा घरची अडचण म्हणाली. पुढं एकदा कामथडीवरून जाताना मला तिच्या केंद्राची पाटी दिसली. आपल्या वहिनीला सोबत घेऊन तिनं ते सुरू केलं होतं. मी थांबले नाही. फोन केला नाही. तिचाही आला नाही.

आबांवर मी चिडले. "तो विषय वेगळा आहे," मी म्हणाले. पण रविवारी स्कूटी काढली आणि कामथडीला गेले.

ती एका म्हातारीच्या दंडाला पट्टा बांधत होती. मला बघून तिचे हात थांबले. म्हातारी घाबरून हात मागं ओढत होती. मी पुढं होऊन म्हातारीचा हात धरला, सवयीनं. मैत्रिणीनं सुई घातली. म्हातारी गेल्यावर आम्ही दोघीच उरलो.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

ती नळीवर चिठ्ठी चिकटवत राहिली. मग म्हणाली, "तू हो म्हणाली असतीस म्हणून."

"म्हणजे?"

"आबांना एकटं टाकून तू सकाळी सहाला हितं येणार नव्हतीस. मला माहीत होतं. तू हो म्हणाली असतीस, आणि मी रोज पेशंट बसवून तुझी वाट बघत राहिले असते. आणि तुला काही बोलताही आलं नसतं मला."

"ते मला ठरवू द्यायचं होतंस."

"हो," ती म्हणाली. "द्यायला पाहिजे होतं. माझी हिंमत नाही झाली."

तिनं चहा मागवला. तिच्या पाठदुखीविषयी, आमच्या लॅबच्या नव्या मशीनविषयी आम्ही बोललो. निघताना ती दारापर्यंत आली. "येत जा," म्हणाली. मी मान हलवली. दोघींनाही ठाऊक होतं की मी येणार नाही.

घरी आबा ओट्यावर बसले होते. "बोलली का?"

"बोलली."

"मग?"

"खरं बोलली, आबा."

मी आत जाऊन पीठ मळायला घेतलं. मळता मळता रडू आलं. राग उरला असता तर त्याची तरी सोबत झाली असती, तोही आता नव्हता. बाहेरून आबांचा आवाज आला, "आज पिठलं कर गं." मी बरं म्हणाले आणि मिरच्या शोधायला लागले.