पित्ताची गोळी

डॉक्टरांनी गोळी वाढवली तेव्हा माझं पहिलं भांडण त्यांच्याशीच झालं. गोळी अंगात रुळेपर्यंत, झापड येते की नाही हे नीट कळेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, म्हणाले. आणि आपल्या मनानं ती बंदही करायची नाही. मी पुलगावात स्वतःची गाडी घेऊन शाळेत जाणारी बाई. डोकंच फिरलं माझं. पण ऐकलं, कारण मागच्याच आठवड्यात रेल्वेचं फाटक उघडलं तरी मी तशीच बसून राहिले होते आणि मागचे लोक हॉर्न वाजवून थकले होते.

आईनं हे सगळं दाबून टाकलं. डिप्रेशन हा शब्द तिच्या घरात चालत नाही. विचारेल त्याला ती सांगायची, पोरीला पित्त आहे, चक्कर येते, गोळ्या चालू आहेत. लोकांच्या तोंडाला कोण लागणार, असं तिचं म्हणणं. मीही म्हटलं, जाऊ दे, म्हातारीचं तेवढं समाधान.

म्हणून आष्टीला भावाच्या पोराच्या नामकरणाला माझी गाडी जवाईबुवांनी, धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, चालवत नेली. मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी मटणाचं जेवण आटोपून निघालो. पुढं ते दोघं, मागं आई आणि मी, बहिणीची चार वर्षांची पोरगी माझ्या मांडीवर. ती दुसऱ्या कुणाकडं बसतच नाही, याचा मला भारी माज.

आर्वीपर्यंत जवाईबुवांची बडबड चालू होती. मग ती बंद पडली. कापसानं फुगलेला ट्रक समोरून आला, तेव्हा गाडी जरा उशिराच बाजूला झाली. मी टोकलं. जेवण अंगावर आलं ताई, म्हणाले, तेही जांभई देत. बहीण हसली. आई हसली नाही. तिनं पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. काय होतंय, म्हणून विचारलं, तर तिनं माझ्या कानाला तोंड लावलं.

"जेवल्यावर त्याईच्या छातीत जळजळ होऊन राह्यली होती. तुह्या बहिणीनं सगळ्याईसमोर मागतली, ताईची पित्ताची गोळी दे म्हणून. काय सांगू मी? तुह्या पर्समधली देल्ली."

 ती माझी रात्रीची गोळी. मला घेतल्याबरोबर आडवं पाडणारी. आणि ही बाई आष्टीपासून नातीला, लेकींना, स्वतःला घेऊन तोंड मिटून बसली होती. माझ्या दुखण्याच्या नावाची तिला एवढी भीती.  तेवढ्यात चाक डांबरावरून खाली उतरलं, मुरमावर खडखडलं आणि परत वर आलं. जवाईबुवांची मान खाली गेली होती.

"थांबवा गाडी. ती पित्ताची नव्हती. डिप्रेशनची आहे, मी रोज घेते. तिनं झोप येते."

रोहणा गावाच्या अलीकडं गाडी थांबली.  मग जवाईबुवांनी हळूच विचारलं, आपल्या डोक्यावर तर परिणाम होणार नाही ना. मी सांगितलं, झापड उतरेल, पण आज स्टिअरिंग धरायचं नाही, डॉक्टरांना मी फोन करते.

बहीण खाली उतरली. माझ्या बाजूचं दार उघडलं. मला वाटलं, माझा हात धरेल. तिनं पोरगी माझ्या मांडीवरून उचलली, तिला घेऊन परत पुढं जाऊन बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला तुमी. हळूहळू घ्या."

मी दोन सीटांमधून वाकून चावी काढून घेतली आणि खाली उतरले. रोहण्यातल्या ओळखीच्या एका ड्रायव्हरला फोन लावला, लवकर ये म्हणून सांगितलं. बोलत असतानाच मागं टक् असा आवाज आला. बहिणीनं गाडी आतून लॉक केली होती.