वाटाण्याएवढं मलम

माझ्या तोंडाबद्दल बोलायचा आपल्याला हक्क नाही, असं वाटणारं एकही माणूस आमच्या गावात नव्हतं. पिठाच्या गिरणीचा मालक बोलायचा, एसटीचा कंडक्टर बोलायचा. बांगड्या भरायला येणारी बाई माझा हात हातात घ्यायची आणि बघायची मात्र गालांकडे. एरंडोलपासून थोडं आत आमचं गाव. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी जळगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. रोज एसटीने जायचं, एसटीने यायचं. सोळाव्या वर्षी कपाळावर पुटकुळ्या दिसायला लागल्या, आणि एकोणिसाव्यापर्यंत दोन्ही गाल, हनुवटी, जबड्याची कड, सगळं भरून गेलं. नुसते बारीक दाणे नव्हते ते. आत गाठी असायच्या, लालबुंद, ठणकणाऱ्या. कुशीवर झोपलं तर उशीला गाल टेकवता यायचा नाही.

दुखतं का, असं कोणी विचारलं नाही. "तुना तोंडले काय व्हयनं व माय?" असं विचारायचे. जणू तोंडाला काय झालं ते मी कुठेतरी जाऊन मुद्दाम करून आले होते. मग उपाय सांगायचे. सकाळची शिळी थुंकी लाव. कडुनिंबाचा पाला वाटून लाव. भरीत खाऊ नको, मिरची खाऊ नको, शेंगदाणे बंद कर, अंगात उष्णता आहे. मी सगळं केलं. हिवाळ्यात घरात भरताचा खमंग वास सुटलेला असायचा आणि मी दूध-भाकरी खात बसायची. पुटकुळ्यांना त्याचं काही घेणं-देणं नव्हतं.

एकदा गावातली एक म्हातारी आईला म्हणाली, "पोर मनात काही वाईट आणत असेल, म्हणून उमटतं." घरी येऊन आईने भांडी इतकी आदळली की शेजारीण डोकावून गेली.

आमच्या घरात शब्द चालायचा तो मोठ्या काकूचा. नाना, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, शेत बघायचे आणि काकू घर. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते मोठ्या भावासमोर आणि वहिनीसमोर मान खाली घालून वागणारे. मला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं तेही काकूनेच. तीन वर्षं ठणकत होतं तेव्हा कोणाला डॉक्टर सुचला नाही. तुळशीचं लग्न लागलं की स्थळं यायला लागतील आणि तेव्हा हे तोंड कसं दाखवायचं, म्हणून सुचला.

दसरा होऊन गेला होता. जळगावला एका जिन्याशी पाटी होती, 'त्वचारोग, कुष्ठरोग व गुप्तरोग'. ती वाचून आबा रस्त्याच्या पलीकडे पानटपरीशी जाऊन उभे राहिले. "तुम्ही जाऊन या," म्हणाले. काकूने माझी ओढणी डोक्यावरून ओढून नाकापर्यंत आणली. वर जाताना मला त्या पाटीची लाज वाटत नव्हती. माझे वडील रस्त्याच्या पलीकडे उभे होते याची वाटत होती.

डॉक्टर वयस्कर, तुटक बोलणारे. त्यांनी दिव्याखाली माझे गाल पाहिले, मग खुर्चीत बसले आणि काकूशी बोलायला लागले. "तिला सांगा," म्हणाले, "रात्री तोंड साध्या साबणाने धुवायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, मग हे मलम लावायचं. वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या तोंडाला. जास्त लावलं म्हणून लवकर बरं होत नाही, नुसती आग होते. डोळ्यांजवळ, ओठांजवळ नको."

मी समोरच बसले होते. म्हटलं, "मला सांगा ना, डॉक्टर. लावायचं मला आहे."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे, म्हणजे गालांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मग नीट सांगितलं. पहिले काही आठवडे आत्तापेक्षा वाईट दिसेल. कातडी लाल होईल, सोलेल, आतल्या गाठी वर येतील. घाबरायचं नाही आणि सोडायचं नाही. तीन-चार महिन्यांनी फरक दिसेल. उन्हात जायचं नाही.

काकू हसली. "उनमा जावानं नही? मग कापूस काय डॉक्टर येचनार शे?"

डॉक्टरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "लग्न ठरलंय का हिचं?"

"बघतोय," काकू म्हणाली.

"ठरलं तर ठरू द्या. पण लग्नानंतर दिवस राहिले किंवा राहायचा विचार असला, की हे मलम बंद करायचं. पोटातल्या बाळाच्या दृष्टीने काळजी म्हणून. बंद केलं की झालं, बाकी काही नाही."

हे एवढंच. साधं, सरळ वाक्य. माझ्या कानांनी मी ते ऐकलं आणि काकूनेही ऐकलं. पण एसटीने गावाला पोचेपर्यंत त्या वाक्याचं काकूच्या डोक्यात काय झालं ते मला कळलं नाही.

मलम मी नेमाने लावायला लागले. ट्यूब आईने स्वयंपाकघरात माठाच्या मागे थंडाव्याला ठेवली होती. पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही. मग आग सुरू झाली. पाणी लागलं तरी चुरचुरायचं, हसलं तरी ओठांच्या कोपऱ्यांशी कातडी ताणली जायची. नाकाच्या बाजूने पापुद्रे सुटायला लागले. गाल भाजल्यासारखे लाल, त्यावर पांढरा भुसा, आणि त्यातून नव्या गाठी वर येत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच सगळं होत होतं, म्हणून मला भीती नव्हती. पण घरातल्यांना डॉक्टरांचं सांगणं आठवत नव्हतं, समोरचं तोंड दिसत होतं.

"आते तं पोर बठ्ठी सोलाई गई," काकू अंगणात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

आणि कापूस फुटला होता. मी शेतात गेले नाही तर नाना बोलणार, म्हणून मी ओढणीने तोंड गच्च बांधून जायची. फक्त डोळे उघडे. बुजगावणं आलं, असं म्हणून वेचणाऱ्या बाया हसायच्या. ओढणीच्या आत घाम यायचा आणि सोललेल्या कातडीवर तो घाम मिठासारखा लागायचा. संध्याकाळी ओढणी सोडताना ती गालाला चिकटलेली असायची. आई ओल्या फडक्याने हळूहळू सोडवायची. मी तिला म्हटलं, "तू एकदा सांग ना नानांना, हिला उन्हात नेऊ नका म्हणून." आई म्हणाली, "सांगितलं. तोंडाने कापूस वेचत नाहीत, म्हणाले."

तुळशीचं लग्न झालं आणि धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा सरकारी कचेरीत नोकरीला. काकूने मला सांगितलं, मलम बंद. मी ऐकणार नाही हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी माठाच्या मागे ट्यूब नव्हती.

"काकू, माझं औषध कुठे आहे?"

"टाकी दिनं उकिरड्यावर. पावनं येऊन जाऊ देत, मंग लाव काय लावनं ते."

मी गोठ्यामागच्या उकिरड्यावर गेले आणि शेणात हात घालून शोधलं. कॉलेजात शिकणारी मुलगी उकिरड्यात बसून शेण उपसतेय, हे सगळी आळी बघत होती. ट्यूब सापडली. झाकण घट्ट होतं. मी ती धुतली, कॉलेजच्या पिशवीत टाकली, आणि त्यापुढे ती पिशवी मी झोपतानाही उशाशी ठेवली.

पाहुणे आले त्या दिवशी काकूने माझ्या तोंडावर आधी स्नो चोपडला आणि मग पावडर. आरशात मला कणकेचा गोळा दिसला. मी चहा घेऊन गेले. मुलगा, त्याची आई आणि त्याची आत्या, जिला सगळे अक्का म्हणत होते. मी पाटावर बसले. नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झालं. मग अक्का म्हणाल्या, "इकडे ये, बाई. उजेडात ये."

मी उठून दाराशी गेले. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड उन्हाकडे फिरवलं. बैलाचे दात बघतात तसं. मग पदराचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं आणि माझ्या गालावरून घासलं.

आग डोळ्यांत गेली. पावडर निघाली, स्नो निघाला आणि त्यासोबत कातडीचा पापुद्राही निघून आला. अक्कांनी पदर वर धरला आणि सगळ्यांना दाखवला.

"हे काय शे? कोड तर नाही ना?"

"नाही अक्का," आबा म्हणाले. "पुटकुळ्यांचं औषध चालू आहे."

"त्या औषधाचं आमच्या कानावर आलं आहे. ते लावलं की बाईला पोरं होत नाहीत म्हणे. डॉक्टरनेच सांगितलं म्हणे."

मी काकूकडे पाहिलं. काकू चटईचा दोरा ओढत होती. तेव्हा कळलं, ते साधं, सरळ वाक्य अंगणात सांगता सांगता कुठवर गेलं ते. धुळ्यापर्यंत गेलं होतं.

अक्कांचा हात अजून माझ्या हनुवटीवर होता. मी म्हटलं, "अक्का, डॉक्टर म्हणाले की दिवस राहायचे असले तर मलम बंद करायचं. पोरं होत नाहीत असं म्हणाले नाहीत. आणि माझ्या तोंडावरचा हात काढा."

"पोरी!" नाना ओरडले.

"आणि तुमच्या भाच्याच्या गालांवर माझ्याहून जास्त खड्डे आहेत. त्यांना उजेडात घेऊन कोणी ओलं फडकं फिरवलं का?"

खरंच होते. मी आत आल्या आल्याच पाहिले होते. कानापासून हनुवटीपर्यंत, जुने, खोल. त्याने मान खाली घातली. त्याची आई उठली. चहा तसाच राहिला आणि पाहुणे निघायला लागले. नाना अंगणात आबांवर ओरडत होते, कॉलेजात घातलं त्याचे हे गुण, आणि आबा नेहमीसारखे उभे होते.

मी मागच्या दारी तोंड धुवायला गेले. मुलगा तिथे आला. हात धुवायचे होते म्हणाला. हात धुवून तो तसाच उभा राहिला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ते मलम कोणतं आहे?"

मला त्याची दया यायला हवी होती. नाही आली. आपली आत्या माझी कातडी सोलत होती तेव्हा हा तोंडातून एक शब्द काढू शकला नाही, आणि आता औषधाचं नाव हवं होतं. मी म्हटलं, "जळगावला डॉक्टरांकडे जा. तुम्हाला पोरं होतील का, असं तिथे कोणी विचारणार नाही." त्याने मान हलवली आणि गेला.

त्या दिवसानंतर घरात माझ्याशी आई सोडून फारसं कोणी बोलत नव्हतं, आणि मला ते बरंच होतं. शेतात जायचं मी बंद केलं. नानांनी आरडाओरडा केला, मी गेले नाही. जळगावला एकटी डॉक्टरांकडे जाऊन आले. थंडी पडली, कातडी सोलणं थांबलं. गाठी एकेक करून बसल्या. होळीच्या सुमारास एके सकाळी गालावरून हात फिरवला तर हाताला काहीच लागलं नाही. डाग होते, पण ठणका नव्हता. मी कुशीवर वळून, गालाखाली हात घेऊन पुन्हा झोपले. त्या झोपेसारखी झोप मी आयुष्यात फार थोड्या वेळा झोपले असेन.

आणि मग सगळे माझ्याशी गोड बोलायला लागले. त्याने माझं डोकं जितकं फिरलं तितकं आधीच्या बोलण्याने फिरलं नव्हतं. "पोरगी उजळली हो!" "मी म्हटलं नव्हतं, निंबाच्या पाल्याने फरक पडतो!" कंडक्टरने हसून तिकीट दिलं. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आम्हीच नेलं ना जळगावला." मी होते तीच होते. तीच अक्कल, तेच मार्क, तेच हात. गाल बदलले होते, आणि त्यांच्या लेखी माणूस बदललं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी आत्या, आबांची बहीण, माहेरी आली तेव्हा धुळ्याच्या स्थळाचा निरोप घेऊन आली. मुलीचं रागाचं बोलणं आम्ही मनावर घेत नाही, असं अक्का म्हणाल्या होत्या. पुरणाची पोळी खाताना हे सांगितलं गेलं. काकूने लगेच तिथीची गोष्ट काढली. नाना आबांना म्हणाले, "होकार कळवून टाक."

आबांनी पोळीचा घास खाली ठेवला. "आधी तिला विचारू," म्हणाले.

इतकी वर्षं मी त्या वाक्याची वाट बघत होते. आलं तेव्हा मला आनंद झाला नाही. मनात आलं, हे वाक्य तुम्हाला इतकं सोपं होतं, आबा, तर पानटपरीशी उभे असताना कुठे होतं?

"नाही," मी म्हटलं.

"का पण?" काकूने विचारलं. "आता तर तोंडही चांगलं झालं."

"म्हणूनच नाही."

आबा नानांना म्हणाले, "नाही म्हणतेय ती. नाहीच कळवा." नाना ताटावरून उठून गेले. आबांनी पुढची पोळी मागून घेतली आणि संपवली.

त्या मोसमात दुसरं स्थळ कोणी आणलं नाही. पदवी झाली आणि मी बी.एड.ला धुळ्याला गेले, दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहिले. माझं आधीचं तोंड तिथे कोणी पाहिलं नव्हतं. खोलीतली एक मुलगी एकदा म्हणाली, "तुझी कातडी किती नितळ आहे गं, देवाचीच देणगी!" मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "देवाचा काही संबंध नाही. डॉक्टरांचं मलम आहे, आणि ते लावायला मला घरात भांडावं लागलं." तिला वाटलं मी चिडले. चिडलेच होते. अशा मलमाला रेटिनॉइड म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पोटात पोर असताना ते का लावू नये हेही तेव्हाच नीट वाचलं. काकू तोवर थकली होती. एका सुट्टीत मी तिला सगळं समजावून सांगायला बसले. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे ना आता. तुझं काय वाईट झालं?"

मी उठून अंगणात गेले. तिच्यासमोर बोलायला लागले असते तर थांबले नसते.