बदामाएवढी भीती

रेहाना गेल्याचं तिच्या धाकट्या बहिणीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी फ्लॉवर चिरत होते. भाजी तशीच ओट्यावर राहिली... महिना उलटून गेला, तरी फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं.

आम्ही दोघी नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत होतो. ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. मेंदूचा धडा आला की ती बाजारातून भलामोठा फ्लॉवर आणायची आणि वर्गात मधोमध उभा कापायची. वरचा गड्डा म्हणजे मोठा मेंदू. विचार, आठवणी, बोलणं सगळं तिथलं. मागे खाली एक छोटा तुरा धरायची, तो लहान मेंदू, चालताना तोल सांभाळणारा. आणि देठ? "याच्याशिवाय ना श्वास चालायचा, ना हृदय," म्हणायची. दुसऱ्या दिवशी त्याच फ्लॉवरची भाजी डब्यात! मला मेलीला घास उतरायचा नाही.

मी मुळातच घाबरट. ओझरहून येणाऱ्या नवऱ्याला जरा उशीर झाला की माझ्या डोळ्यांपुढे अपघात. अशा वेळी रेहाना ड्रॉवरमधली बरणी उघडून माझ्या हातावर एक बदाम ठेवायची. "डोक्यात आत, दोन्ही बाजूंना, भीतीचा एवढासाच भाग असतो. तुझा नारळाएवढा झालाय, सुनंदा!" मग माझ्या कपाळावर तळवा टेकवायची. "आणि इथं मागे विचार करणारा मेंदू आहे. त्याला जरा कामाला लाव." हसू यायचं आणि खरंच बरं वाटायचं.

गेल्या वर्षी तिला शब्द सापडेनासे झाले. फळ्यापुढे उभी असताना हातातल्या खडूला काय म्हणतात, तेच आठवेना. तपासणीत डाव्या बाजूला गाठ निघाली, बोलण्याच्या जागेला चिकटलेली. ऑपरेशन केलं तर वाचा जायची भीती, न करावं तर जिवाची. मी रडायला लागले, तर उलट हीच मला समजावत बसली. "बोलण्याची जागा वेगळी, समजण्याची वेगळी. शब्द गेले तरी मी कुठं जातेय गं? तू फक्त येत राहा."

ऑपरेशननंतर वाचा गेली ती गेलीच. उजवा हातही लुळा पडला. शाळा सुटली की मी तिच्या घरी जायचे आणि जिन्यातच पाय अडखळायचे. आज ओळखेल ना? दार उघडल्यावर तिचे डोळे हसले की माझा जीव भांड्यात पडायचा.

शेवटच्या भेटीआधी गाठ पुन्हा वाढल्याचं कळलं होतं. मीच शाळेतून आणून दिलेली बरणी तिच्या उशाशी होती. तिनं डाव्या हातानं त्यातला एक बदाम काढला. सवयीनं मी हात पुढे केला. तिनं मान हलवली, बदाम स्वतःच्या छातीवर ठेवला आणि माझा हात ओढून आपल्या कपाळावर नेला... इतकी वर्षं मला वाटायचं, हिला भीती ठाऊकच नाही. मी हात काढला नाही. "आहे मी इथंच," एवढंच म्हणाले. बऱ्याच वेळानं तळव्याखालच्या आठ्या सैल झाल्या.

ती बरणी आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. परवा नवऱ्याला यायला पुन्हा उशीर झाला. मी एक बदाम हातावर घेतला, डोळे मिटले आणि स्वतःचाच तळवा कपाळावर ठेवून पाहिला. तो तिच्या हातासारखा लागत नाही.