अनंतरावांच्या मेगरची तपासणी

अनंतरावांचं खरं नाव अनंत नव्हतंच. जळालेली मोटर नव्याने बांधून झाली की मेगरचा, म्हणजे वीजगळती तपासायच्या हँडलवाल्या पेटीचा, एक चिमटा आतल्या तारेला, दुसरा मोटरच्या लोखंडी अंगाला लावायचा, हँडल गरागरा फिरवायचं आणि काटा अनंताच्या खुणेवर जाऊन उभा राहिल्याशिवाय मोटर गिऱ्हाइकाला द्यायची नाही, असा त्यांचा खाक्या होता. काटा अनंतावर म्हणजे वीज तारेतून अंगात कुठेही झिरपत नाही. "अनंत आला. आता ने!" हे ऐकून ऐकून अख्ख्या बाजाराने त्यांचं नाव बदलून टाकलं. ते गेले त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर कुणीतरी खडूने लिहिलं, 'अनंतराव अनंतात विलीन'. ते वाचून धाकट्या भावाला रडता रडता हसू फुटलं. दादा असता तर लिहिणाऱ्याला शोधून चहा पाजला असता.

धाकटा त्याच दुकानात, मधल्या फळकुटाच्या पलीकडे बसून मीटर दुरुस्त करायचा. थोरला अनंतराव, म्हणून हा आपोआप शून्यराव. अर्थात त्यालाही कारण होतं. मेगर मोटरला लावण्याआधी त्याचे दोन्ही चिमटे एकमेकांना लावून बघायचे असतात. काटा शून्यावर आला तर वायरी धड आहेत. वायर आतून तुटलेली असेल तर मेगरला समोर कुणीच भेटत नाही, आणि कुणी भेटलं नाही की हा पठ्ठ्या खुशाल अनंत दाखवतो. मोटर उत्तम असो की वायर तुटकी, उत्तर एकच. म्हणून दादा फळकुटापलीकडून ओरडायचा, "आधी शून्य दाखव, शून्यराव!" घरी जेवायला बसतानासुद्धा तो दोन चमचे एकमेकांवर आपटून "शून्य!" म्हणायचा आणि वहिनी वाढता वाढता म्हणायच्या, "हो, आणि पोटात अनंत."

असा माणूस एका लाँड्रीत गेला, मोटर बांधली, मेगर लावला. अनंत आला. बटण दाबून त्याने मशीनवर हात ठेवला. खाली फरशी ओली, आणि अर्थिंगच्या नावाने भिंतीत एक गंजकी सळई.

भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरली, लेक तिच्या घरी परत गेली, आणि वहिनी मेगरची पेटी छातीशी धरून दुकानात आल्या. दादाच्या स्टुलावर मात्र बसल्या नाहीत.

"भाऊजी, हा उघडा."

"कशाला आता, वहिनी?"

"हा खोटं बोलला का, ते बघा. बिघडलेला असला तर सांगा. मग मी निवांत झोपेन."

"आणि नसला तर?"

"तर मग घाई नडली. आणि घाई मी केली." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी फोन केला होता. म्हटलं, आज तरी वेळेवर या, नाहीतर दार उघडणार नाही. हसले. म्हणाले, एवढा मेगर मारतो आणि आलोच."

धाकट्याने स्क्रू काढायला घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच तो यंत्रात दोष निघावा म्हणून देव पाण्यात ठेवून बसला होता. पण मेगर कसला, पहिलवान! जाड काळं कवच, कुठे बारीकशी चीर नाही. चिमट्यांच्या वायरी ज्या खुंट्यांना अडकतात त्या पितळी, एक हलेल तर शपथ. दातेरी चाकं वंगणात लोळत होती. हँडल आडदांडपणे फिरवलं तरी क्लच घसरून आतला वेग काबूत राहत होता. एरवी असा माल बघून त्याने दादाला हाक मारून दाखवला असता. आज तो एकेका भागाला मनातल्या मनात शिव्या घालत होता.

"किती नीट बनवलाय मेल्याने," तो पुटपुटला.

"काय?"

"काही नाही. वायर बघतो."

काळी वायर बाहेरून तुकतुकीत होती. मूळची नव्हे, दादाने नंतर कधीतरी आणलेली. चिमट्यापाशी दाबली तर बोटाला आत पोकळ लागलं. त्याने दोन्ही चिमटे एकमेकांना जोडून हँडल फिरवलं. काटा अनंतावर. वायर वाकवली, पिळली, ओढली. काटा ढिम्म.

"सापडलं!" तो जवळजवळ ओरडलाच. "वायर आतून तुटलीय, वहिनी. दादाची काही चूक नाही. तुमची तर नाहीच नाही."

वहिनींचा चेहरा क्षणभर सैल पडला. मग त्यांची नजर जोडलेल्या चिमट्यांवर गेली. हा धडा त्यांनी जेवणागणिक ऐकला होता.

"मग त्यांनी आधी शून्य बघितलं नाही?"

"बघितलं असणार," तो घाईघाईने म्हणाला. "अशी वायर मध्येच जुळते, मध्येच सुटते. तेव्हा जुळली असेल."

"दाखवा."

आता आली का पंचाईत! वायर जुळणार नव्हती, हे त्याने स्वतः तपासलं होतं. पण मेगरच्या काट्याला मागे खेचणारी स्प्रिंग नसते. हँडल पुरेसं फिरलं नाही तर काटा बेवारशासारखा कुठेही कलंडतो. धाकट्याने डाव्या हाताने पेटीचा कोपरा जरासा उचलला आणि हँडल हळू, अगदी हळू फिरवलं. काटा डुलत डुलत शून्याकडे घरंगळला.

"हे बघा. जुळली."

वहिनींनी काट्याकडे बघितलंच नाही. त्या त्याच्या हाताकडे बघत होत्या. इतकी वर्षं डबा घेऊन दुकानात येणाऱ्या बाईला मेगर कसा फिरवतात हे काय कळत नव्हतं?

"हात दुखतोय का, भाऊजी?"

"जरासा."

"मग राहू द्या."

त्याने पेटी खाली टेकवली. दोघांनाही एकमेकांकडे बघायचं नव्हतं, म्हणून दोघं समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिली. रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, "अनंतराव आहेत का?" आणि लगेच जीभ चावून निघून गेलं.

वहिनी उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भाऊजी, त्या फोनचं लेकीला कधी सांगू नका."

धाकट्याने मेगरचं झाकण लावलं. स्क्रू काही केल्या खाचेत बसेना.

"कुठला फोन?" तो म्हणाला.