नेट एकशे एक्केचाळीस वेळा गेलं

चाकणच्या ज्या कंपनीत मी नोकरी करतो, तिथे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. पदाच्या नावात 'क्वालिटी' असल्यामुळे ते ऐकायला बरं वाटतं. सदोष भाग परत आला की मी लाइनवरच्या लोकांना गोळा करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "काय बदललं?" माणूस, मशीन, माल किंवा पद्धत, यांपैकी काहीतरी बदललेलं असतंच. दुसरा नियम असा, की खुर्चीत बसून कारण शोधायचं नाही, जागेवर जाऊन पाहायचं. हे दोन्ही नियम मी एकवीस वर्षं नव्या लोकांना शिकवत आलोय, आणि त्यामुळे ते आपल्याला येतात असा माझा समज होता.

आमच्या घरचा कॉम्प्युटर तेव्हा दिवसातून सहा-सात वेळा नेट सोडून द्यायचा. एरवी मी ते चालवून घेतलं असतं. पण त्यात बायकोची नोकरी अडकली होती.

ती गणिताची शिक्षिका. माझ्या आईच्या आजारपणात तिने शाळा सोडली, त्याला बारा वर्षं झाली. आई गेल्यावर 'आता बघू' म्हणता म्हणता त्यातलीच पाच गेली. यंदा तिने घरून शिकवायच्या एका नोकरीसाठी अर्ज केला. नमुना धडा चाळीस मिनिटांचा होता, समोर तीन परीक्षक. बाराव्या मिनिटाला नेट गेलं. परत आलं तेव्हा पडद्यावर तिचा एकटीचाच चेहरा होता. त्यांनी सौजन्य म्हणून चोवीस दिवसांनंतरचा शनिवार दिला, सकाळी अकरा, आणि खाली लिहिलं की यानंतर संधी दिली जाणार नाही. धडा घरूनच द्यायचा होता, कारण घरून शिकवणं जमतं का हेच त्यांना पाहायचं होतं. मोबाइलवरून देण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे रेंजची एकच काडी येते, तीही गॅलरीत वॉशिंग मशीनच्या डोक्यावर.

मी तपास हाती घेतला. अर्थातच पद्धतशीर. एक वही केली आणि तिच्यात तारीख, नेट गेल्याची वेळ, आल्याची वेळ आणि शेरा असे रकाने आखले. दिवसा मी कंपनीत असल्यामुळे नोंदी बायकोने करायच्या असं ठरलं, म्हणजे मी ठरवलं. शेऱ्याच्या रकान्यात ती लिहायची : 'गेलं.' 'पुन्हा गेलं.' 'वही भरते आहे, धड्याची तयारी नंतर.'

पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं होतं, "या कॉम्प्युटरमध्ये तू काय बदललंस?"

"काही नाही," ती म्हणाली. "नवरासुद्धा तोच आहे."

तेवीस दिवसांत एकशे एक्केचाळीस नोंदी झाल्या. पहिल्या आठवड्यापासूनच मी त्यांचा तासवार आलेख काढत होतो. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ नेट जवळजवळ जात नव्हतं. अकरा ते चार सर्वांत जास्त जात होतं. निष्कर्ष उघड होता : ऊन. मी राउटरला टेबल-फॅन लावला. राउटर थंडगार झाला आणि नेट पूर्वीइतक्याच नियमाने जात राहिलं. मग मी वायर बदलली, कॉम्प्युटर पूर्वेच्या भिंतीवरून पश्चिमेच्या भिंतीला आणला, आणि शेवटी आतलं सगळं पुसून नव्याने भरलं. त्यात बायकोने तयार केलेले अपूर्णांकांचे दोन तक्ते गेले. हातातलं पेन तेवढं तिने वहीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारला की मूळ कारण सापडतं, असं मी कंपनीत सांगतो. पाचव्या 'का'ला मी समुद्राखालच्या केबलपर्यंत पोचलो होतो.

नेटवाला मात्र तीन वेळा येऊन गेला. हा इथल्याच जुन्या गावातला, जमीन कारखान्यांना गेल्यावर केबलच्या धंद्यात उतरलेला पन्नाशीचा गृहस्थ. त्याच्या पायात घोट्यापर्यंत लेसचे बूट असतात. ते काढायचा त्याला कंटाळा आणि बूट घालून कोणी आत आलेलं आमच्याकडे चालत नाही. त्यामुळे तिन्ही वेळा त्याने तपासणी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच केली. दार उघडं, समोर हॉलमध्ये कॉम्प्युटर. तो बाहेरून सांगायचा, मी आतून पानं उघडायचो, आणि प्रत्येक पान लख्ख उघडायचं.

"सायेब, पळतंय की घोड्यावानी," तो तिसऱ्या वेळी म्हणाला. "तुमच्याच नजरेला बंद दिसतंय व्हय?" निघताना वर बघून त्याने जिन्यातल्या उजेडाचं कौतुकही केलं.

ते कौतुक मी घेतलं, कारण ते माझंच होतं. आमची इमारत चार मजल्यांची, बिनलिफ्टची, आणि जिन्यात भरदिवसाही अंधार. मी सोसायटीचा खजिनदार. दोन महिन्यांपूर्वी मी प्रत्येक मजल्यावर हालचाल ओळखून लागणारे दिवे बसवून घेतले होते. कोणी फिरकलं नाही की दोन मिनिटांत बंद. विजेची युनिटं निम्म्याहून खाली आली. त्याचा तक्ता नोटीस बोर्डावर अजून आहे, खाली माझी सही आहे. नेटवाल्याला मी तो जाताना वाचायला सांगितला.

शनिवार उजाडला. साडेदहा वाजता नेट गेलेलं होतं. मी फोन केला तेव्हा नेटवाला सुदैवाने शेजारच्याच इमारतीत होता. तो वर आला, बेल वाजली, मी दार उघडेपर्यंत नेट हजर. तो हसला. बायको मात्र हसली नाही. ठेवणीतली साडी नेसून ती दारात आली आणि म्हणाली, "भाऊ, आज बूट काढा. आत बसा, चहा घ्या, आणि ते गेल्याशिवाय उठू नका."

त्याने बूट काढले. मी दार लावलं. चहाचा दुसरा घोट घेईपर्यंत नेट गेलं.

तो कप ठेवून अनवाणीच बाहेर गेला. घरोघरी नेट देणारा त्याचा डबा आमच्या दाराबाहेर वर, जिन्यातल्या दिव्याशेजारीच आहे. मीही मागे गेलो. आम्ही बाहेर पाऊल टाकताच दिवा लागला, आणि त्याच क्षणी डब्यावरचा हिरवा ठिपकाही लागला.

"माझ्या डब्याला करंट या दिव्याच्याच वायरीतून हाय," तो सावकाश म्हणाला. "आता ह्यो दिवा असा कुणी केला म्हणायचा?"

सात ते नऊ दूधवाला, मोलकरणी, शाळेची पोरं. सहा ते आठ घरी येणारी माणसं. अकरा ते चार जिन्यात एखादंच कोणी, आणि ते गेलं की दोन मिनिटांत दिवा बंद, नेटही बंद. माझा आलेख अचूक होता. त्यात ऊन तेवढं नव्हतं.

अकराला सात मिनिटं कमी होती. डब्याला कुलूप होतं आणि चावी त्याच्या ज्या माणसाकडे होती तो निघोजे गावाला गेलेला. उपाय एकच उरला. बायको आत गेली, दार लावून घेतलं, आणि मी दिव्याखाली उभा राहिलो. दर मिनिटाला हात वर करून हलवायचा. नेटवाला बूट घालून पायरीवर बसला. त्याला हे सोडून जाववेना. चौथ्या मजल्यावरचे आजोबा पिशवी घेऊन उतरले, हात हलवणाऱ्या मला पाहून थांबले आणि म्हणाले, "काय राव, कुणाला टाटा?" मी खजिनदार असल्याने त्यांनी पुढे विचारलं नाही. सोसायटीचंच काहीतरी असणार.

दारातून तिचा आवाज येत होता. एक भाकरी, तीन भावंडं, मग चौथं येतं. हरवलेल्या तक्त्यांशिवाय ती पाव आणि तृतीयांशातला फरक समजावत होती, मधे थांबत होती, चुकीचं उत्तर स्वतःच देऊन ते कुठे चुकलं ते विचारत होती. बारा वर्षांत मी हा आवाज ऐकला नव्हता. एका मिनिटाला हात हलवायचा राहिला. नेटवाल्याने पायरीवरून स्वतःचा हलवला.

चाळीस मिनिटांत नेट एकदाही गेलं नाही. सोमवारी तिची निवड कळली, वर्ग रोज अकरा ते एक.

रविवारीच डब्याला वेगळी वायर दिली होती. वही बंद करायची म्हणून मी मूळ कारण लिहिलं आणि कंपनीतल्या सवयीने खाली 'जबाबदार व्यक्ती' असं लिहून पुढची जागा मोकळी ठेवली. मंगळवारी संध्याकाळी पाहिलं तर ती भरलेली होती. नोटीस बोर्डावरचा तक्ता तिने काढून आणला होता आणि त्यातली माझी सही कापून तिथे नीट चिकटवली होती.