भिंतीवरचं हसू

मावशी दुकानात हसत नसत. दुकानदारासमोर दात दाखवले की भाव चढलाच म्हणून समजा, असं त्यांचं पक्कं मत होतं. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं इस्त्रीचं दुकान. दुकान कसलं, एक लांबोडकं टेबल, दोन इस्त्र्या आणि कपड्यांच्या चळती. पण गल्लीत कुणाला पंखा घ्यायचा असो नाहीतर गादी, मावशींना सोबत नेल्याशिवाय कुणी पाकिटाला हात लावत नसे. मावशी वस्तू उलटी करून बघत, हलवून बघत, विकणाऱ्याला बोलून बोलून घाम फोडत आणि शेवटी "ठेव तुझी तुलाच" म्हणून दाराकडे वळत. मग तो मागून हाका मारत येई. बाई खाष्ट होत्या, यात वाद नाही. त्यांच्या नवऱ्याने लग्नानंतर स्वतःच्या चपलासुद्धा कधी एकट्याने घेतल्या नव्हत्या.

अशा या बाई एकदाच हसल्या, आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला.

बाजारात भांड्यांचं आणि यंत्रांचं नवं मोठं दुकान झालं होतं. तिथून मावशींनी काचेची शेगडी घेतली. वर काळी चकचकीत काच, वाकून बघितलं तर आपलं तोंड दिसावं अशी. वस्तू घेतली की गिऱ्हाइकाला तिच्याजवळ उभं करून फोटो काढायचा, अशी त्या दुकानाची रीत होती. मावशींनी साफ नकार दिला. तिथला टाय लावलेला पोरगा गोडबोल्या. तो म्हणाला, माझी आईपण अगदी अशीच आहे, दुकानदार तिला बघून शटर खाली ओढतात. मावशींना खुदकन हसू आलं, आणि त्याने मोबाईलचं बटण दाबलं. वर एक झाकणाचं पातेलं फुकट मिळालं. मावशी ते मिरवत घरी घेऊन आल्या.

थोड्याच दिवसांत दुकानाच्या दाराशेजारच्या भिंतीवर मावशी झळकल्या. माणसाच्या उंचीच्या, शेगडीवर हात ठेवलेल्या, तोंडभर हसणाऱ्या. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'समाधानी ग्राहक'. गल्लीने त्यांची भरपूर टर उडवली. मावशी वरवर चिडल्या, पण त्या रस्त्याने जाताना त्यांची मान हटकून तिकडे वळायची.

आता त्यांच्या धाकट्या जावेबद्दल सांगायला हवं. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. जावेलाही शेगडी घ्यायची होती, पण मोठ्या जावेला विचारणं म्हणजे तिच्यापुढे मान तुकवणं. म्हणून ती एकटीच बाजारात गेली. दारात फोटो बघितला, आत गेली आणि तीच शेगडी घेऊन आली.

एका सकाळी त्या शेगडीची काच फुटली. वर उकळत्या पाण्याचं पातेलं होतं, ते सगळं जावेच्या पायावर आलं. पोटरीपासून खाली कातडी सोलून निघाली, वर काचांचे तुकडे रुतले. मावशी इस्त्री तशीच टाकून दवाखान्यात धावल्या. जाऊ पांढरीफटक पडली होती. मावशींनी तिच्या कपाळावर हात ठेवला, असा हात त्यांनी तिच्या कपाळावर पूर्वी कधी ठेवला नव्हता.

"ताई, तुम्हाला विचारायला हवं होतं," जाऊ हळूच म्हणाली. "पण तुम्ही फोटोत हसत होतात ना. म्हटलं, या हसल्यात म्हणजे वस्तू चोखच असणार."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. मावशी बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दीर दुकानात जाऊन आला होता. त्याला तिथे सांगण्यात आलं की गरम काचेवर ओला फडका मारला असेल, नाहीतर पातेलं फार जड असेल, आणि काही झालं तरी काच वॉरंटीत येत नाही. म्हणजे विकताना काच हा शेगडीचा दागिना, आणि फुटली की ती शेगडीत मोडतच नाही! कंपनीच्या नंबरावर फोन केला तर एक गोड आवाज थांबायला सांगे, मग गाणं लागे, आणि गाणं संपलं की फोन तुटे. माणूस भाजलाय हे ऐकून घ्यायलाही कुणी नव्हतं.

मग मावशी उठल्या. फुकटचं पातेलं घेतलं, दुकानात गेल्या आणि ते मालकासमोर आदळलं. मालक शांत माणूस होता. शांत राहायलाच तो काचेच्या केबिनमध्ये बसत असे.

"मावशी, तुमची शेगडी नीट चालते ना?" त्याने विचारलं.

"चालते."

"मग तुमची तक्रार काय?"

"भिंतीवरून माझं तोंड उतरवा."

मालकाला आधी कळलंच नाही. त्याची तयारी पैसे मागणाऱ्यांसाठी होती. तो म्हणाला, फोटो किती छान आलाय, लोक त्याच्याकडे बघून आत येतात. मावशी म्हणाल्या, तेच तर. मग त्याने सौदा मांडला. जावेला नवी शेगडी देतो, याच कंपनीची, पण आमची काही तक्रार नाही असं लिहून द्या, आणि फोटो राहू दे.

"हीच शेगडी?" मावशी म्हणाल्या. "दुसरा पाय शिल्लक आहे म्हणून?"

दुसऱ्या दिवसापासून मावशी सकाळचे कपडे उरकले की स्टूल घेऊन निघत आणि दुकानाच्या दारात, स्वतःच्या फोटोखाली बसत. आरडाओरडा नाही, शिवी नाही. नुसत्या बसत. येणारा माणूस वर हसणारी बाई बघे, मग खाली धुमसणारी तीच बाई बघे, आणि थबके. जो विचारेल त्याला मावशी सगळं सांगत. न विचारणाऱ्यालाही त्यांच्या तोंडाकडे बघून बरंच कळे. मालकाने पोलिसांची धमकी दिली. मावशी म्हणाल्या, बोलवा की, माझ्याच फोटोखाली बसलेय, तुमच्या नाही. टायवाला पोरगा एकदा गुपचूप पाणी घेऊन आला. त्यांनी ते घेतलं नाही.

आणि एक दिवस फोटो गेला. भिंतीवर फिकट चौकोन तेवढा उरला. गल्लीने मावशींना डोक्यावर घेतलं. जाऊ नुकती चालायला लागली होती. तिलाही तो चौकोन बघायचा होता, म्हणून दोघी हातात हात धरून हळूहळू बाजारात गेल्या.

चौकोन होता. पण दाराच्या आत तीच काळी शेगडी मांडली होती, आणि तिच्याजवळ एक तरुण बाई कोऱ्या पिशव्या हातात घेऊन अवघडून उभी होती. समोर टायवाला, हातात मोबाईल. मालक केबिनमधून बघत होता. पोरगा म्हणत होता, ताई, जरा हसा ना, माझी आईपण अगदी तुमच्यासारखीच आहे.

मावशींच्या लक्षात आलं की भिंतीला फक्त तोंड बदलायचं होतं. त्या जावेला धरून सरळ आत गेल्या आणि शेगडीच्या पलीकडे, त्या बाईच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"हसू नकोस, बाई," त्या म्हणाल्या. "आधी हिचा पाय बघ."

जावेने साडी पोटरीपर्यंत वर धरली. ती बाई खाली वाकून बघत राहिली आणि तिच्या ओठांवर येऊ घातलेलं हसू जागच्या जागी विरून गेलं. टायवाल्याचं बोट सवयीने दाबलं गेलं. त्या फोटोत तिघी आहेत आणि हसत कुणीच नाही. तो फोटो काही भिंतीवर लागला नाही.