‘हव, पर...’

"चोरीवाली तूच ना?"

माझ्या वकिलाचं माझ्याशी पहिलं बोलणं हे. सरकारनं फुकट दिलेला वकील. कोर्टाच्या दारात, आत जायच्या पाच मिनिटं आधी. वर बघितलंही नाही. "मान ले बेटा. थाने में तो हव बोल ही चुकी है. पहला केस है, छोड़ देंगे."

मी पंडरीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात साड्या दाखवायची. गोदामातून माल गेला. शेठनं माझं नाव दिलं. माझ्याकडं त्यातला धागाही सापडला नाही.

ठाण्यात दिवसभर बसवलं. दुकान में तू थी? हव. चाबी तेरे पास? हव. माल तूने निकाला? "हव, पर..." आमच्याकडं मोठं माणूस बोलत असलं की हव म्हणतात. ऐकून राहिले, एवढाच अर्थ. त्यांनी हव लिहिलं, होकार म्हणून. पर सोडून दिलं. कागद वाचून न दाखवता सही घेतली. मला काही वाटलं नाही. हात दुसऱ्याचा असल्यासारखा होता.

कोर्टाच्या बाकावर शेजारी अभनपुरची एक बाई होती. तिच्या पोराची केस होती. मला म्हणाली, "पुलिस के आगू कबूलनामा कोर्ट में नइ चले, दीदी. तोर वकील नइ बताइस?"

पोलिसांपुढचा कबूलनामा कोर्टात चालत नाही का, मी वकिलाला विचारलं. तो हसला. "अब तू मुझे कानून पढ़ाएगी? साड़ी दिखा, साड़ी."

बाजूचे दोन वकीलही हसले.

आत न्यायाधीशांनी विचारलं, आरोप मान्य आहे? मी तोंड उघडायच्या आत वकीलच बोलला, "स्वीकार है, साहब."

"नहीं," मी म्हणाले. आवाज सपाट होता. "ये इनका जवाब है. मेरा नहीं. मुझे दूसरा वकील चाहिए."

साहेबांनी लिहून घेतलं.

बाहेर आई रडत होती. "काहून बोलली वं? आज घरी आली असती."

"चोर होऊन आली असती."

आता वकील दुसरी आहे. तिनं आधी तासभर माझं ऐकलं, मग ठाण्यातल्या त्या कागदाविरुद्ध अर्ज लिहिला, जामीन मिळवला. केस चालू आहे. नोकरी गेली. दर पेशीच्या तारखेला मी कोर्टात लवकर जाते. बाकावर जो बसला असेल त्याला विचारते, तुमचा वकील तुमच्याशी किती वेळ बोलला? ठाण्यातला कागद तुम्हाला वाचून दाखवला? वकील चिडतात. चिडोत. बाईसाहेब, इथून उठा, म्हणतात. मी उठत नाही.

उद्या शिक्षा झाली तर वरच्या कोर्टात जाईन. गुन्हा मी केला नाही, आणि केला असं माझ्या वतीनं कुणाला म्हणू देणार नाही.